वऱ्हाडातला अर्धा र

प्रश्न : मी वाशिम जिल्ह्यातल्या मंगरूळपीर तालुक्यात राहतो. घरच्या लग्नाची पत्रिका मी मोबाइलवर मराठीत लिहून छापायला पाठवली. 'वऱ्हाडी मंडळींनी वेळेवर यावे' अशी त्यात ओळ होती. कच्ची प्रत आली तेव्हा तिथे 'वर्हाडी' असे दिसले. अर्ध्या र चा रफार होऊन तो ह च्या डोक्यावर जाऊन बसला होता. मग सगळी पत्रिका बारकाईने वाचली, तर 'साऱ्यांनी'चेही 'सार्यांनी' झालेले. माझ्या मोबाइलवर मात्र आजही सगळे बरोबर दिसते. छापणारे म्हणतात, आम्ही एक अक्षर बदललेले नाही, आले तसे घेतले. मग मध्ये बदलले कोणी? आणि आपल्या प्रांताचे नाव कॉम्प्युटरला नीट का लिहिता येऊ नये? ता. क. : मंगरूळमधल्या ळ चेही असे काही होऊ शकते का?

– एक वाचक, ता. मंगरूळपीर, जि. वाशिम

उत्तर : छापणाऱ्यांनी काही बदललेले नाही आणि तुम्हीही बरोबरच लिहिले होते, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. तुम्ही सांगता त्या लक्षणांवरून, तुमच्या मजकुरात र आणि ह यांच्या मध्ये डोळ्यांना न दिसणारे एक चिन्ह असणार. मोबाइलच्या कळफलकाने ते न विचारता घातले होते. मजकूर छपाईच्या सॉफ्टवेअरमध्ये उतरताना ते वाटेत गळाले. ते गळाल्यावर जे उरते, ते यंत्राच्या नियमाने 'वर्हाडी' असेच जुळते. उपाय आहे, आणि सोपा आहे. मात्र त्याआधी हा अर्धा र नेमका काय आहे ते पाहिले पाहिजे. पुष्कळ जण त्याला रफाराचेच दुसरे वळण समजतात आणि वाचणाऱ्याला कळते ना, मग झाले, असे म्हणून सोडून देतात. मला ते मान्य नाही.

मराठी जोडाक्षरांत र चार रूपांनी येतो. 'क्रम'मध्ये तो क ला तिरपी रेघ होऊन जोडला जातो, 'राष्ट्र'मध्ये ट च्या खाली जातो, 'कर्म'मध्ये म च्या डोक्यावर रफार होतो आणि 'वऱ्हाड'मध्ये ह च्या डाव्या अंगाला लहानशी वाकडी रेघ होऊन उभा राहतो. पहिल्या दोन रूपांत र पूर्ण आहे आणि आधीचे व्यंजन अर्धे आहे. शेवटच्या दोन्ही रूपांत र अर्धा आहे आणि पुढच्या व्यंजनाच्या आधी उच्चारला जातो. एकाच अर्ध्या र ला दोन खुणा कशाला, तर उच्चार दोन आहेत म्हणून. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' हे दरीचे अनेकवचन. दोन्ही शब्द मोठ्याने म्हणून पाहा. 'दर्या' म्हणताना र् मागच्या द ला चिकटतो आणि द वर आघात येतो. 'दऱ्या' म्हणताना र् पुढच्या 'या'बरोबर जातो आणि द मोकळा राहतो. छंदशास्त्रात म्हणूनच पहिल्या शब्दातला द गुरू आणि दुसऱ्यातला लघू धरतात. लग्नघरातलेच उदाहरण हवे असेल तर 'आचार्यांना पैसे दिले' आणि 'आचाऱ्यांना पैसे दिले' ही वाक्ये घ्या. एका वाक्यात पैसे विद्वानांना पोचतात, दुसऱ्यात स्वयंपाक करणाऱ्यांना.

'वर्हाड' असे लिहिले तर ते वाचताना व वर जोर द्यावा लागेल. बुलढाणा, अकोला, वाशिम, अमरावती, यवतमाळ या पाचही जिल्ह्यांत तसे कोणी म्हणत नाही. तेव्हा तुमच्या पत्रिकेत झालेली चूक शुद्धलेखनाची तर आहेच, पण ती उच्चारही बदलते.

आता यंत्राकडे येऊ. कॉम्प्युटर किंवा मोबाइल अक्षराचे चित्र साठवत नाही. तो प्रत्येक व्यंजनाचा आणि खुणेचा क्रमांक साठवतो, आणि तोही उच्चाराच्या क्रमाने. हे क्रमांक जगभर एकच असावेत म्हणून युनिकोड हे मानक आहे. त्याची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली. त्यात देवनागरीसाठी सलग १२८ क्रमांक राखलेले आहेत. र चा क्रमांक ०९३०, व चा ०९३५, ह चा ०९३९. पाय मोडण्याच्या खुणेलाही स्वतःचा क्रमांक आहे. 'र, पायमोड, ह' असा क्रम समोर आला की अक्षरे जुळवणारा प्रोग्राम अर्धा र उचलतो आणि ह च्या डोक्यावर रफार म्हणून ठेवतो. साठवणीत र आधी असतो, कागदावर मात्र तो पुढच्या अक्षराच्या वर दिसतो. हा नियम डोळे झाकून चालतो. नोकरीच्या जाहिरातीतल्या 'शैक्षणिक अर्हता'मध्ये ह वर रफार योग्य आहे आणि 'वऱ्हाड'मध्ये नाही, हे त्या प्रोग्रामला कळायला त्याच्याजवळ शब्दकोश नसतो. त्याला फक्त क्रमांक दिसतात, आणि दोन्ही शब्दांत ते सारखेच असतील तर तो दोन्हीकडे रफारच देणार.

रफाराला असे प्राधान्य मिळाले त्याला कारण आहे. तो फार जुना आहे आणि देवनागरीत लिहिल्या जाणाऱ्या साऱ्या भाषांत चालतो. तुमच्याच जिल्ह्यात त्याचा जुना पुरावा आहे. वाशिम म्हणजे वाकाटक या प्राचीन राजघराण्याच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. तिथला दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट १९३९ साली सापडला. त्यात राजाची वंशावळ संस्कृतात आहे आणि दानाचा प्रत्यक्ष मजकूर प्राकृतात. ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्यांत संस्कृत लिहिताना अर्धा र पुढच्या अक्षराच्या डोक्यावर देण्याची रीत तेव्हाही होती. प्राकृतात तो प्रश्नच येत नसे, कारण तिथे धर्मचा धम्म होतो. 'वऱ्हाड'मधला र हा संस्कृत आणि हिंदीच्या गरजेतला नव्हे. तो मराठीला लागतो, नेपाळीला आणि नेवारीला लागतो. देवनागरीच्या बाकीच्या मोठ्या वापरकर्त्यांना तो लागत नाही, त्यामुळे यंत्रात त्याची सोय वेगळी करावी लागली.

ती सोय ज्या प्रकारे झाली, तो या विषयातला मला सर्वांत आवडणारा भाग आहे.

युनिकोडच्या आधी भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाचे मानक होते. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले भारतीय लिप्यांचे काम पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढले, आणि भारतीय मानक ब्युरोने १९९१ साली इस्कीला आयएस १३१९४ या क्रमांकाने मान्यता दिली. त्यामागचा विचार मोठा होता. ब्राह्मीपासून निघालेल्या सगळ्या लिप्यांची वर्णमाला मुळात एकच आहे, तेव्हा त्यांना क्रमांकही एकच द्यावेत. म्हणजे तोच मजकूर लिपी बदलून बंगालीत, कन्नडमध्ये किंवा तमिळमध्ये दाखवता येईल. पण तमिळ, तेलुगू, कन्नड आणि मलयाळम या लिप्यांत र चे आणखी एक व्यंजन आहे, आणि त्याला देवनागरीत जोडीदार नव्हता. सगळ्यांची रांग सारखी ठेवायची तर देवनागरीतही तिथे एक अक्षर हवे. म्हणून र खाली ठिपका देऊन ऱ घेतला. इस्कीत र चा क्रमांक २०७, ऱ चा २०८. हे पूर्ण अक्षर मराठीत किंवा हिंदीत कोणी वापरत नाही. ते दक्षिणेतल्या भाषांचे शब्द देवनागरीत नेमके लिहिण्यासाठी आहे.

पण त्या ऱ चा पाय मोडला तर काय दाखवायचे? त्याच्या अर्ध्या रूपाची कोणाला गरज नव्हती. दुसरीकडे मराठीच्या अर्ध्या र ला यंत्रात जागा नव्हती. मानक ठरवणाऱ्यांनी या दोन्ही गोष्टी एकत्र जुळवल्या आणि ऱ चे अर्धे रूप म्हणजे मराठीचा अर्धा र, असे ठरवून टाकले. एकही नवा क्रमांक खर्च न करता वऱ्हाडची सोय झाली. युनिकोडने इस्कीची रांग जशीच्या तशी उचलली, म्हणून आजही र ०९३० वर आणि ऱ ०९३१ वर आहे. तमिळ, तेलुगू, कन्नड आणि मलयाळमच्या पट्ट्यांतही त्या दुसऱ्या र ची जागा र च्या लगेच पुढे आहे. तुम्ही 'वऱ्हाड' लिहिता तेव्हा दक्षिणेतल्या चार लिप्यांशी जागा जुळवून बसलेल्या अक्षराचा अर्धा भाग वापरत असता.

या तोडग्याची किंमतही मोजावी लागते. युनिकोडच्या यादीत ०९३१ समोर आधी द्राविडी भाषांच्या र साठी अशी नोंद आहे आणि अर्ध्या र चा उल्लेख त्यानंतर येतो. मराठी न येणाऱ्या प्रोग्रामरला हे अक्षर आपल्या कामाचे नाही असे वाटले तर नवल नाही. शिवाय मधल्या काळात दुसरा मार्गही रूढ झाला. १९९६ साली आलेल्या युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीत साधा र, पायमोड आणि त्यामागे झिरो विड्थ जॉइनर नावाचे अदृश्य चिन्ह, असे लिहून अर्धा र काढायची रीत होती. जॉइनरला रुंदी नसते, आकार नसतो. इथे रफार करू नका, अर्धेच रूप ठेवा, एवढाच निरोप तो देतो. पुढे युनिकोडने ऱ चा मार्ग नियम म्हणून घेतला. जुना मजकूर बिघडू नये म्हणून जॉइनरचा मार्गही ग्राह्य ठेवला आहे, आणि बरेच कळफलक अजून त्याच मार्गाने जातात. तुमचा मोबाइल त्यांतलाच असावा.

जॉइनर नाजूक आहे. मजकूर एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेताना, युनिकोडमधून जुन्या फाँटमध्ये बदलताना किंवा अर्जाच्या चौकटीत चिकटवताना काही प्रोग्राम अदृश्य चिन्हे कचरा समजून काढून टाकतात. इंग्रजी मजकुरात त्याने काही बिघडत नाही. मराठीत मात्र 'शेतकऱ्यांना'चे 'शेतकर्यांना' होते. रस्त्यावरच्या फलकांवर आणि बातम्यांच्या मथळ्यांत हा शब्द असा दिसतो तेव्हा लिहिणाऱ्याचे शुद्धलेखन कच्चे आहे असे आपण समजतो. कित्येकदा त्याने बरोबर लिहिलेले असते.

आणखी एक परिणाम पत्रिकेतल्या चुकीपेक्षा गंभीर आहे. डोळ्यांना एकसारखा दिसणारा 'वऱ्हाड' यंत्रात तीन प्रकारांनी साठवलेला असू शकतो. पहिल्यात ऱ वापरलेला असतो आणि शब्दात सहा क्रमांक असतात : व, ऱ, पायमोड, ह, काना, ड. दुसऱ्यात र आणि खालचा ठिपका वेगवेगळे असतात, क्रमांक सात होतात. तिसऱ्यात र आणि जॉइनर असतो, तिथेही सातच. युनिकोडच्या नियमाने पहिला आणि दुसरा प्रकार एकच मानायचा असतो, आणि चांगले सॉफ्टवेअर तसे मानते. तिसऱ्याला हा नियम लागू नाही. म्हणजे आडनाव 'कुऱ्हाडे' असेल, यादीत ते जॉइनरने लिहिले असेल आणि शोधणाऱ्याने ऱ ने लिहिले असेल, तर अक्षरन् अक्षर जुळवून शोधणारी यंत्रणा असे नाव नाही म्हणून सांगेल. माणूस समोर उभा असतो, कागदावर नाव स्पष्ट दिसत असते, आणि यादीत तो सापडत नाही. वऱ्हाडे, गोऱ्हे, कुऱ्हाडे अशी आडनावे आणि कुऱ्हा, कऱ्हाड, बऱ्हाणपूर अशी गावे आपल्याकडे पुष्कळ आहेत. ज्यांच्या हाती मतदारांच्या, जमिनीच्या, विद्यार्थ्यांच्या याद्या आहेत त्यांनी तिन्ही प्रकार एकच धरून शोध घेण्याची सोय केलीच पाहिजे. ते अवघड काम नाही. प्रश्न आहे हे आधी माहीत असायला हवे, इतकेच.

आता तुमचा उपाय. कॉम्प्युटरवर इनस्क्रिप्ट कळफलक असेल तर जे च्या कळीवर र असतो आणि शिफ्टसह तीच कळ दाबली की ऱ उमटतो. मग डी ची कळ म्हणजे पायमोड, आणि त्यापुढे ह किंवा य. ऱ आधी ठिपक्यासह दिसेल, पुढचे व्यंजन येताच ठिपका जाऊन अर्धा र होईल. छापून आल्यावरही ठिपका तसाच दिसत असेल तर पायमोड राहून गेला आहे असे समजा. मोबाइलवर बहुतेक कळफलकांत ऱ र च्या जवळपास किंवा र दाबून धरल्यावर सापडतो.

आधीच लिहिलेल्या शब्दात काय आहे हे ओळखायची एक युक्ती आहे. शब्द 'वऱ्हाड' असेल तर त्याच्या मागून एक एक खूण खोडत या. पायमोड खोडल्यावर ठिपक्याचा ऱ उरला तर शब्द भक्कम आहे. साधा र उरला तर तो जॉइनरने लिहिलेला होता.

जुन्या फाइली दुरुस्त करताना मात्र सांभाळा. जॉइनरसकट असलेला अर्धा र शोधून त्या जागी ऱ आणि पायमोड घालणे सुरक्षित आहे. पण जॉइनर आधीच गळाला असेल तर सगळे 'र्य' बदलून 'ऱ्य' करू नका, नाहीतर सूर्य, कार्यालय आणि धैर्य बिघडतील. तिथे माणसानेच वाचायला हवे, आणि त्यासाठी एक सोपा आधार आहे. मूळ शब्द रा किंवा री ने संपत असेल आणि प्रत्यय लागताना त्याचे रूप बदलले असेल, तर अर्धा र : शेतकरी, शेतकऱ्यांना, अधिकारी, अधिकाऱ्यांनी, दोरी, दोऱ्या. वऱ्हाडीत 'शेतकऱ्यायले' म्हटले तरी तोच. संस्कृतातून तसाच्या तसा आलेला शब्द असेल तर रफार : कार्य, आचार्य, मर्यादा. ह च्या आधीही हेच : कुऱ्हाड, गुऱ्हाळ, तऱ्हा हे मराठी वळणाचे, अर्हता संस्कृत वळणाची. 'कर्मचाऱ्यांना' या एका शब्दात दोन्ही येतात, म वर रफार आणि या च्या आधी अर्धा र. कोणताही नवा फाँट, कळफलक किंवा फाइल बदलून देणारा प्रोग्राम तपासायचा असेल तर मी हा शब्द आधी टाकून पाहतो.

युनिकोडच्या आधीच्या फाइलींची गोष्ट निराळी. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतींत अर्धा र हा फाँटमधला एक वेगळा आकार असायचा आणि प्रत्येक फाँटमध्ये त्याची जागा वेगळी असू शकायची. म्हणून अशी फाइल युनिकोडमध्ये आणताना नेमका फाँट कोणता ते प्रोग्रामला बरोबर सांगावे लागते, आणि आल्यावर अर्धा र असलेले शब्द पहिल्यांदा तपासावे लागतात. पत्रिका छापणाऱ्यांकडे अजून अशीच पद्धत असेल तर तुमचा मजकूर तिथे उलट दिशेने बदलला जातो, युनिकोडमधून जुन्या फाँटमध्ये. ऱ ने लिहिलेला शब्द या प्रवासात टिकण्याची शक्यता बरीच जास्त असते. खात्री नसेल तर मजकुरासोबत त्या पानाचे चित्र किंवा पीडीएफही पाठवा, म्हणजे अक्षर जुळवणाऱ्याला मूळ रूप समोर दिसेल.

राहिला तुमच्या ता. क. मधला ळ. त्याची काळजी नको. ळ ला ०९३३ हा स्वतःचा क्रमांक आहे आणि त्यात कोणतेही अदृश्य चिन्ह लागत नाही, त्यामुळे वाटेत गळण्यासारखे काही नाही. आपल्याकडे बोलताना डोळ्याचा 'डोया' होतो, पण लिहिताना ळ च असतो आणि यंत्रातही तो ळ च राहतो. मंगरूळचे 'मंगरूल' झालेले दिसते तेव्हा ते सहसा रोमन लिपीतून परत देवनागरीत आणताना झालेले असते, कारण रोमनमध्ये ल आणि ळ ला एकच अक्षर आहे. इनस्क्रिप्टवर एन च्या कळीवर ल आणि शिफ्टसह ळ असतो. फक्त त्याच्या पुढच्या, ०९३४ या क्रमांकावरच्या ऴ पासून सावध राहा. तो खाली ठिपका असलेला ळ, तमिळ आणि मलयाळममधल्या एका वेगळ्या व्यंजनासाठी आहे, आणि इनस्क्रिप्टवर तो शेजारच्याच बी च्या कळीवर शिफ्टसह येतो. पत्रिकेवर गावाचे नाव लिहून झाले की ळ खाली ठिपका नाही ना, एवढे पाहून घ्या.